बोटीचं सर्व्हिसिंग कुणी केलं होतं?

पुण्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास विचारतो, "पुण्यात समुद्र कुठे आहे हो?" पूर्वी मी समजावून सांगायचो, की शहराच्या आजूबाजूला धरणं आहेत, धरणांवर शिडाच्या होड्या शिकवणारे क्लब आहेत, बचावाच्या बोटी आहेत, आणि त्या सगळ्यांना इंजिनं असतात. हल्ली म्हणतो, "आहे की, आमच्याकडे नळाला येतो. तुमच्याकडे नाही येत?" स्वभावच तसा आहे. लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये वीस वर्षं बोटींची इंजिनं उघडली, मग बिबवेवाडीत पिठाची गिरणी आणि फ्लेक्सवाला यांच्यामध्ये स्वतःचा गाळा घेतला. गेली पंधरा-सोळा वर्षं तिथेच आहे. गिरणीचं पीठ इंजिनांवर बसतं, म्हणून मी गिरणीवाल्याशी भांडतो. माझ्या इंजिनांचा धूर पिठात जातो, म्हणून तो माझ्याशी भांडतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, एका रविवारी सकाळी, खडकवासल्याच्या क्लबवरून बोटवाल्याचा फोन आला. हा तिथलाच, धरणाकाठच्या गावातला. आता ते गाव महापालिकेत आलंय, पण त्याच्या बोलण्यात गाव आहे तसं आहे. क्लबची बचाव-बोट बारा वर्षं तोच चालवतो. शिकाऊ मुलांची होडी उलटली की ह्यानं मोटरबोट घेऊन जायचं आणि त्यांना उचलून आणायचं, हे त्याचं काम.

"काका, इंजान गेलं," तो म्हणाला. "पोरी पान्यात व्हत्या."

मी विचारलं, "पोरी कशा आहेत?"

"हायेत. एक दवाखान्यात हाय. पानी लई पिली."

झालं असं होतं. वारा सुटला, दोन मुलींची होडी मध्यावर उलटली. हा बोट घेऊन निघाला, अर्ध्या वाटेत इंजिनानं मोठा आवाज केला आणि बोट जागच्या जागी थांबली. इंजिन चालू, पण पाण्यातला पंखा फिरेना. मग ह्यानं वल्हं घेतलं. तीन मिनिटांत पोचायचं तिथे पोचायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. मुलींनी जॅकेटं घातली होती म्हणून निभावलं. लाटा तोंडावर येत होत्या, त्यात धाकटीच्या नाकातोंडात पाणी गेलं. तिला एक दिवस दवाखान्यात ठेवून घरी पाठवलं.

त्या बोटीचं सर्व्हिसिंग मी केलं होतं, नवरात्राच्या आधी.

बोटीच्या मागे जे इंजिन टांगलेलं असतं, त्याचा खालचा भाग पाण्यात बुडालेला असतो. त्यात गिअर असतात, आणि गिअर तेलात बुडालेले असतात. बाहेर पाणी आणि आत तेल. मधे काय, तर दोन स्क्रू, त्या स्क्रूंखाली नखाएवढे दोन वॉशर, आणि पंख्याच्या दांड्याभोवती एक रबरी सील. सर्व्हिसिंगच्या वेळी जुनं तेल काढायचं, नवं भरायचं आणि दोन्ही वॉशर नवे टाकायचे. वॉशर राहिला तर त्या दिवशी काही कळत नाही. दुसऱ्या दिवशीही कळत नाही. पाणी थेंबाथेंबानं आत जात राहतं आणि महिन्याभरानं, ज्या क्षणी इंजिनाकडून पूर्ण ताकद मागावी, त्या क्षणी गिअर जातात. मुली पाण्यात असताना गेले तसे.

मी वॉशर टाकले होते का?

फोन ठेवल्या ठेवल्या हा प्रश्न आला आणि पुढचे आठ दिवस तो गेला नाही. माझी एक पद्धत आहे. स्क्रू पक्का आवळला, की त्यावर पिवळ्या रंगाच्या पेननं आडवी रेघ मारायची. स्क्रू जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. लष्करातली सवय. क्लबमध्ये कुणी विचारलं तर मी ऐटीत सांगतो, रेघ दिसली की समजायचं काम झालं. पण रेघ स्क्रूवर असते आणि वॉशर स्क्रूखाली. रेघ मारली असणार याची मला खात्री होती. तिच्या खाली काय आहे याची नव्हती.

आठवायला बसलो. त्या दिवशी सकाळी बोट गाळ्यासमोर आली होती, हे आठवलं. जुनं तेल काढलं, ते आठवलं. नंतरचं सगळं इतर दहा सर्व्हिसिंगसारखं दिसायला लागलं. हात कामं करून मोकळे होतात, डोकं बरोबर असतंच असं नाही. काढलेले जुने वॉशर मी एका पत्र्याच्या डब्यात टाकतो. तो डबा मी वर्तमानपत्रावर ओतला. पन्नास-साठ वॉशर निघाले, सगळे सारखे काळे. त्यातले त्या बोटीचे दोन कुठले हे देवालाही सांगता आलं नसतं. तरी मी तासभर ते बोटांनी इकडून तिकडे करत बसलो.

खरी भीती वॉशरची नव्हती, हे आता लिहायला हरकत नाही. माझा थोरला भाऊ शेवटची सहा वर्षं कुणाला ओळखत नव्हता. सुरुवात साधी होती. चहात दोनदा साखर घालायचा आणि वर बायकोवरच ओरडायचा, की तूच घातलीस. आम्ही हसायचो. शेवटी तो माझ्याकडे बघून म्हणायचा, "आपण कुठले?" इतका आदर त्यानं मला आयुष्यात दिला नव्हता. तेव्हापासून किल्ली सापडली नाही तरी मला तो आठवतो. त्या उन्हाळ्यात मी मार्केट यार्डात कांद्याचं पोतं आणायला स्कूटरवर गेलो आणि पोत्यासकट रिक्षानं घरी आलो. स्कूटर तिथेच. बायको म्हणाली, "अहो, गाडी आडत्याला विकून आलात का?" ती हसली, मीही हसलो. स्कूटर आणायला जाताना मात्र रिक्षात मी ती कुठे लावली होती ते मनात घोकत होतो.

हे मी तिला सांगितलं नाही. वॉशरचंही सांगितलं नाही. इतकंच म्हणालो, की बोट बंद पडली, बघायला जायचंय. त्या आठवड्यात मी गॅसचं बटण तीन-तीनदा बघायचो. गाळ्याचं कुलूप ओढून बघायचो, चार पावलं जाऊन परत यायचो. गिरणीवाला म्हणाला, "काय हो, आत सोनं ठेवलंय का?" त्याच्याशी भांडायचीही ताकद नव्हती. फोन वाजला की वाटायचं, त्या मुलीच्या आईचा असेल. काय सांगणार होतो मी तिला? तिचा फोन आलाच नाही, आणि त्यामुळे जिवाला स्वस्थता मिळाली नाही.

फोन आला तो क्लबच्या अध्यक्षांचा. हे निवृत्त गृहस्थ, राहायला कर्वेनगरला. शब्द मोजून वापरतात.

"बोट विम्याची आहे," ते म्हणाले. "कंपनीची सर्व्हेअर येऊन इंजिनाचा खालचा भाग उघडणार. जबाबदारी कुणाची ते ठरेल. तुम्ही हजर राहा."

"मी उघडून देतो की."

"नको. आपण फक्त बघा. हात आपले आधीच लागलेत."

त्या सकाळी सिंहगड रस्त्यानं जाताना मला परत फिरावंसं वाटत होतं. बोट किनाऱ्यावर ट्रॉलीवर ठेवली होती. अध्यक्ष घडीच्या खुर्चीवर, बोटवाला बाजूला उभा, आणि माझ्या मुलीच्या वयाची एक सर्व्हेअर पाने-पकडी मांडत होती. तिची पाने मांडायची पद्धत मला आवडली. त्यामुळे आणखीच भीती वाटली, कारण हिच्या नजरेतून काही सुटणार नव्हतं.

"काका, सर्व्हिसिंग तुम्ही केलंय?"

"हो."

"लास्ट टाइम गॅस्केट वॉशर चेंज केले होते?"

"हो," मी म्हणालो. ते खोटं होतं की खरं, हे मला माहीत नव्हतं. असलं काही मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

तिनं आधी दोन्ही स्क्रूंचे फोटो काढले. माझ्या पिवळ्या रेघा शाबूत होत्या. मग खालचा स्क्रू सोडला. तेल बाहेर आलं ते दुधाळ, पाणी मिसळलेलं, आणि त्यात लोखंडाचा चुरा. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. तिनं स्क्रू पुसला, उलटा केला आणि उजेडात धरला.

वॉशर होता. नवा होता.

वरचा स्क्रू काढला. त्यालाही होता.

डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी धरणाकडे तोंड केलं. मी विसरलो नव्हतो! भावाचं जे झालं ते माझं होत नव्हतं. आठ दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, आणि त्याच्या जागी लगेच माझा जुना तोरा येऊन बसला.

"लिहून घ्या हो," मी अध्यक्षांना म्हणालो. "दोन वॉशर. नवे. मोजायचे असतील तर मोजा."

सर्व्हेअरनं तोवर पंखा काढला होता. "हे काय आहे?" ती म्हणाली.

पंख्यामागे, दांड्याभोवती, दोऱ्याचं जाड वेटोळं बसलं होतं. पातळ नायलॉनचा दोरा, शेकडो वेढे घेतलेला, आवळून आवळून सीलमध्ये घुसलेला. सील कापलं गेलं होतं. पाणी तिथून गेलं होतं. तिनं चिमट्यानं वेटोळं सोडवलं, तर दोऱ्यात काळ्या पडलेल्या पाकळ्या निघाल्या. तिनं त्या बोटावर घेऊन बघितल्या. "झेंडू?"

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. क्लबमध्येही होते. वल्ही, दोर, शिडं, इंजिनं, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. हार इंजिनाच्या टोपीवर घालायचा, पंख्याला कधीही नाही. हल्ली हार सुतात ओवत नाहीत, नायलॉनमध्ये ओवतात, आणि तो दोरा पंख्यामागे गेला की सील संपलं. हे मी त्या क्लबमध्ये इतक्या वेळा सांगितलंय, की मी दिसलो की पोरं माझी नक्कल करतात.

"पंख्याला हार कुणी घातला?" अध्यक्षांनी विचारलं.

बोटवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

मी तुटून पडलो. "किती वर्षं सांगतोय रे तुला? कानात बोळे घालून बसतोस का? पोरी मेल्या असत्या म्हणजे? कुणाच्या माथ्यावर आलं असतं? माझ्या! माझ्या रेघेवर!" आणखी बरंच बोललो. आठ दिवसांची भीती होती, ती सगळी त्या माणसाच्या अंगावर रिकामी केली. तो हात बांधून उभा होता.

"चुकलं," तो म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, "उद्यापासून यायचं नाही. किल्ल्या ऑफिसात ठेवा." सर्व्हेअरनं लिहिलं, की बिघाड देखभालीतल्या चुकीमुळे नाही. मी सही केली. सही करताना हात स्थिर होता, याचा मला अभिमान वाटला.

निघताना तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन ऑफिसकडे चालला होता. मला जरा वाईट वाटलं. बारा वर्षांचा माणूस. म्हटलं, निदान विचारावं. "अरे, तुला माहीत होतं ना? मग घातलास कशाला?"

तो थांबला. "काका, हार तुम्हीच घातला व्हता."

"काय बोलतोस!"

"तुम्हीच म्हनला, पंख्याला बी घालू, त्योच तर पानी कापतो. म्या म्हनलं, काका सवता घालत्यात म्हंजी चालत आसंल. दसऱ्याचा हार म्हनून तसाच ठिवला. दुसऱ्या दिशी एक होडी दोर तुटून लांब गेली, घाईत तसंच इंजान सुरू केलं. ती माझी चूक हाय. न्हाई म्हनत न्हाई."

"खोटं बोलू नकोस," मी म्हणालो.

त्यानं वाद घातला नाही. मोबाइल काढला, बोटानं मागे मागे गेला आणि माझ्यासमोर धरला. फोटोत मी होतो. दसऱ्याला घेतलेला निळा सदरा, एका हातात पेढा, दुसरा हात पंख्यावर. पंख्यात झेंडूचा हार. मी कॅमेऱ्याकडे बघून हसत होतो.

सदरा आठवत होता. पेढाही आठवत होता, त्यात वेलदोडा जास्त होता. हार आठवत नव्हता. मी त्या फोटोकडे किती वेळ बघत राहिलो ते सांगता येणार नाही. फोटोतला माणूस मीच होतो, आणि त्यानं त्या दिवशी काय केलं हे मला दुसऱ्याकडून कळत होतं.

"मघाशी बोलला का नाहीस?"

"तुम्ही आसं बोलाय लागला, तवा कळलं, काकांना याद न्हाई. चारचौघांत कसं सांगायचं?" तो म्हणाला. "तुमचं समदं काम आठवनीवरच चालतंय."

गप्प बसता आलं असतं. सही झाली होती. तो फोटो कुणाला दाखवणार नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी तो अध्यक्षांना दाखवला तर मला एकच गोष्ट सांगून भागणार नव्हतं. हार मी घातला, इतकं म्हणून कुणी थांबलं नसतं. कसा घातला, तुम्हीच तर सगळ्यांना ओरडता, असं विचारलं असतं, आणि मग मला म्हणावं लागलं असतं, की आठवत नाही. ते दोन शब्द बोलून झाल्यावर माझ्याकडे बोट कोण पाठवणार? मी ते शब्द घरी बायकोसमोरही काढले नव्हते.

त्याच्या हातातून मी किल्ल्या घेतल्या. फोटो माझ्या मोबाइलवर पाठवायला सांगितला. अध्यक्ष तोवर निघून गेले होते, म्हणून तसाच कर्वेनगरला गेलो. सोसायटीचा जिना चढताना दोनदा वाटलं, परत फिरावं.

अध्यक्षांनी दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं. दुपारी एक ते चार त्यांच्याकडे कुणी जात नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

ते म्हणाले, "तुम्हाला आठवत नाही म्हणता. मग तुम्हीच घातला हे कशावरून?"

मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बघितला, मोठा करून बघितला, मोबाइल परत दिला. मग प्रथमच मला म्हणाले, "बसा." मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "बोटवाला उद्या कामावर येईल," ते म्हणाले. "ते मी बघतो." मला जरा हायसं वाटलं. वाटलं, झालं, बोलून टाकलं, सुटलो.

मग त्यांनी कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"आमच्याखेरीज यंदा आणखी कुठल्या बोटींचं सर्व्हिसिंग केलंत?"

"का?"

"का म्हणजे? त्या सगळ्या बचावाच्या बोटी आहेत ना? कुणीतरी उघडून बघेपर्यंत थांबवायला नकोत?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आठ दिवस मी एका बोटीचं भय बाळगून होतो. बाकीच्या त्या क्षणीही पाण्यात होत्या, माझ्या रेघा मिरवत, आणि लोक त्या रेघांवर विसंबून होते. मी पेन घेतलं. पानशेतची एक लिहिली. मुळशीच्या दोन. चौथी लिहिली. मग थांबलो. आणखी होत्या, याबद्दल शंका नव्हती. गाळ्यासमोर उभ्या होत्या, मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो होतो. कुठून आल्या होत्या? कुणी आणल्या होत्या? अध्यक्षांनी छताचा पंखा जरा वाढवला, कारण मला घाम फुटला होता.

मी बायकोला फोन लावला. म्हटलं, तिला एखादी तरी माहीत असेल, बोटी आल्या की ती चहा घेऊन गाळ्यावर येते. "अगं," मी म्हणालो, "यंदा मी कुठकुठल्या बोटी केल्या, तुला काही लक्षात आहे?"

पलीकडून कपाट उघडल्याचा आवाज आला आणि पानं उलटल्याचा.

"सात आहेत," ती म्हणाली. "सांगते, लिहून घ्या. संक्रांतीपासून मी लिहून ठेवतेय."